पाऊस पडतोय, पण कुठे?

तीन वर्षांपूर्वी मी एका गृहस्थांना खोटं ठरवलं होतं, तेही लेखी.

तेव्हा मी ज्या कंपनीत होतो तिच्या सॉफ्टवेअरमधून लोकांच्या बँक खात्यांत पैसे जमा व्हायचे. कुणाचा विम्याचा दावा, कुणाची शिष्यवृत्ती, कुणाचा परतावा. एक दिवस तक्रार आली की अमुक ग्राहकाला पैसे मिळालेले नाहीत. मी तीन टेबलं उघडून बघितली. व्यवहारांच्या टेबलात 'यशस्वी', हिशेबाच्या टेबलात 'यशस्वी', पाठवलेल्या एसएमएसच्या नोंदीतही 'यशस्वी'. तिन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळत होती. मी तक्रार बंद केली आणि शेरा लिहिला, 'पैसे जमा झालेले आहेत. ग्राहकाने आपल्या बँकेत चौकशी करावी.'

त्यांनी पुन्हा तक्रार केली. मी पुन्हा तोच शेरा चिकटवला. तिसऱ्या वेळी त्यांनी पासबुकाच्या पानाचा फोटो पाठवला. पानावर आमची रक्कम नव्हती. मग मी कोड उघडला. पलीकडच्या बँकेकडून ठरलेल्या वेळात उत्तरच आलं नाही, तर काय करायचं? कुणीतरी, कधीतरी, घाईत तिथे एक ठरावीक किंमत भरून ठेवली होती: 'यशस्वी'. तिन्ही टेबलं त्या एकाच जागेवरून नक्कल करत होती, म्हणून ती जुळत होती. त्या गृहस्थांनी दरम्यान मुलीची फी उसनवारी करून भरली होती.

अभियांत्रिकीच्या चार वर्षांत आम्ही खरं आणि खोटं हे शब्द हजारो वेळा वापरले. सत्यता सारण्या भरल्या, सर्किटं काढली. पण एखादी गोष्ट 'खरी' असते म्हणजे नेमकं काय असतं, हे कुणी विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही. फीचं प्रकरण मिटल्यावर मी ते शोधायला लागलो. सुरुवात डेटाबेसच्या पुस्तकापासून झाली. तिथून मी पोलंडमधल्या दोन शहरांत पोचलो आणि शेवटी, माझी अजिबात अपेक्षा नसताना, माझ्याच कोल्हापूर जिल्ह्यात परत आलो. हा लेख त्या प्रवासाचा आहे.

टेकडीवरचा पाऊस

ल्वूव हे शहर आज युक्रेनमध्ये आहे आणि त्याला ल्विव म्हणतात. १८९५ साली ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, विद्यापीठात शिकवणं पोलिश भाषेत चालायचं. त्या वर्षी व्हिएन्नाहून काझिमिएझ ट्वार्डोव्स्की नावाचा २९ वर्षांचा प्राध्यापक तिथे तत्त्वज्ञान शिकवायला आला. तो फ्रान्झ ब्रेन्टानोचा विद्यार्थी. मोठे ग्रंथ लिहिण्यापेक्षा माणसं घडवण्यात त्यानं आयुष्य घातलं. त्याचा आग्रह एकच होता. जे म्हणायचं ते स्पष्ट म्हणा, आणि जे स्पष्ट म्हणता येत नाही त्याचा विचारही तुम्ही अजून स्पष्ट केलेला नाही असं समजा.

१९०० साली त्यानं तथाकथित सापेक्ष सत्यांवर एक निबंध लिहिला. तेव्हाही आजच्यासारखंच म्हटलं जायचं की सत्य सापेक्ष असतं, तुझं सत्य वेगळं आणि माझं वेगळं. पुरावा म्हणून साधी वाक्यं दिली जायची. 'पाऊस पडतोय' हे वाक्य आज खरं, उद्या खोटं; इथे खरं, शेजारच्या गावात खोटं. मग सत्य बदलतं, असंच नाही का?

ट्वार्डोव्स्कीचं उत्तर एखाद्या चांगल्या कोड रिव्ह्यूसारखं आहे. तो म्हणतो, सत्य बदलत नाही, तुमचं वाक्य अर्धवट आहे. बोलताना आपण जागा आणि वेळ गाळतो, कारण ऐकणाऱ्याला ती माहीत असते. गाळलेलं सगळं भरा: अमुक दिनदर्शिकेप्रमाणे अमुक तारखेला, अमुक वाजता, ल्वूवमधल्या अमुक टेकडीवर पाऊस पडतोय. आता हे वाक्य एकतर खरं आहे किंवा खोटं, आणि जे काही आहे ते कायमचं, सगळ्यांसाठी. दुसऱ्या गावात ऊन असेल, तर त्यानं या वाक्याला काही होत नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तरी होत नाही.

वाक्य आणि विधान यांतला हा फरक वाचून मला हायसं वाटलं. 'सगळं सापेक्ष असतं' हे वाक्य मी कॉलेजच्या कट्ट्यावर पुष्कळ वेळा टाकलेलं आहे आणि दरवेळी ते टाकून वाद जिंकल्यासारखं वाटायचं. खरं तर मी फक्त तारीख आणि जागा गाळत होतो. ट्वार्डोव्स्कीच्या निबंधातलं हे तारीख-जागेचं कलम लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी ते परत येणार आहे.

तिसरी किंमत

ट्वार्डोव्स्कीच्या विद्यार्थ्यांपैकी एक यान लुकासिएविच, जन्म ल्वूवचाच, १८७८ चा. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, वॉर्सामध्ये पोलिश विद्यापीठ पुन्हा सुरू झालं तेव्हा तो तिकडे गेला. प्रोग्रामर लोक त्याला न ओळखता ओळखतात. कंसांशिवाय समीकरण लिहायची जी पद्धत 'पोलिश नोटेशन' म्हणून शिकवतात, ती त्याची. तिची उलटी आवृत्ती जुन्या कॅल्क्युलेटरांत होती आणि स्टॅकच्या प्रकरणात आम्हाला परीक्षेला होती.

माझ्या दृष्टीनं त्याचं मोठं काम दुसरं आहे. ॲरिस्टॉटलपासून एक कोडं चालत आलेलं होतं: उद्या समुद्रावर लढाई होईल, हे वाक्य आज खरं की खोटं? आजच खरं असेल तर लढाई टळणं शक्यच नाही, आजच खोटं असेल तर होणं शक्य नाही. दोन्हीकडून माणसाच्या हातात काही उरत नाही. लुकासिएविचनं स्वतःवरच उदाहरण घेतलं. पुढच्या वर्षी २१ डिसेंबरला दुपारी बारा वाजता मी वॉर्सामध्ये असेन की नाही, हे आज ठरलेलं नाही. मग त्याबद्दलचं वाक्य आज खरंही नाही आणि खोटंही नाही. त्याला तिसरी किंमत द्यावी लागेल. १९२० साली त्यानं तीन किमतींचं तर्कशास्त्र मांडलं. दोन हजार वर्षं जे दोनच खणांत बसवलेलं होतं, त्याला तिसरा खण मिळाला.

डेटाबेसमधला 'नल' याच घराण्यातला. 'आणि', 'किंवा', 'नाही' या तीन जोडण्यांपुरत्या एसक्यूएलच्या सारण्या लुकासिएविचच्या सारण्यांशी जुळतात. खरं आणि अज्ञात मिळून अज्ञात. खोटं आणि अज्ञात मिळून खोटं. अज्ञाताचा नकार पुन्हा अज्ञातच. नवख्या प्रोग्रामरला हे फार छळतं, कारण 'नल बरोबर नल' असं विचारलं तरी उत्तर 'हो' येत नाही. आमच्या कोडमध्ये ज्यानं 'उत्तर आलं नाही' याला 'यशस्वी' बनवलं, त्याला हा छळ नको होता. तिसरा खण गैरसोयीचा असतो. तो प्रत्येक अहवालात, प्रत्येक बेरजेत आडवा येतो. म्हणून आपण त्याला गुपचूप पहिल्या किंवा दुसऱ्या खणात ढकलतो. कुणी ठरवून खोटं बोललेलं नसतं, तरी खोटं तयार होतं.

व्हिएन्नातलं भांडण

याच काळात व्हिएन्नामध्ये मोरिट्झ श्लिक याच्याभोवती तत्त्वज्ञ, गणिती आणि वैज्ञानिकांचा एक गट जमला होता, तोच व्हिएन्ना वर्तुळ. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यात सत्यावरून जुंपली. मला हे भांडण वाचताना आमचा तो आठवडा पुन्हा आठवला.

ऑटो न्यूराथ हा समाजशास्त्रज्ञ, धिप्पाड, बोलका, व्हिएन्नाच्या कामगारांना चित्रांतून आकडेवारी समजावणारं संग्रहालय चालवणारा. त्याचं म्हणणं असं की आपण वाक्यांची तुलना 'वास्तवा'शी करतच नाही, करूही शकत नाही. नवं वाक्य आलं की आधी मानलेल्या वाक्यांशी ते जुळतं का, एवढंच बघतो. जुळलं तर ठेवतो, नाही जुळलं तर ते तरी टाकतो किंवा जुन्यांपैकी काहीतरी बदलतो. त्याची प्रसिद्ध उपमा जहाजाची आहे. आपण भर समुद्रात जहाज दुरुस्त करणारे खलाशी आहोत, आपल्याला कोरड्या गोदीत जाऊन ते तळापासून नव्यानं बांधता येत नाही. एक फळी बदलताना बाकीच्या फळ्यांवरच उभं राहावं लागतं.

श्लिकला हे पटेना. १९३४ साली त्यानं उत्तर दिलं. नुसतं जुळणं पुरेसं असेल, तर नीट रचलेली परीकथा आणि इतिहासाचं पुस्तक यांत फरक काय? परीकथेतही सगळी वाक्यं एकमेकांशी जुळतातच. कुठेतरी वाक्यांची साखळी जगाला टेकली पाहिजे.

माझी तीन टेबलं म्हणजे श्लिकची परीकथा होती. तेवढ्यापुरता मी त्याच्या बाजूचा. पण न्यूराथला एवढ्यावर मोडीत काढता येत नाही. मी चूक कशी पकडली? जगाकडे थेट बघून नव्हे. पासबुकाचं पानही एक नोंदच आहे, बँकेच्या सर्व्हरवरून छापलेली. मी एका वाक्याची तुलना दुसऱ्या वाक्याशीच केली, फक्त ते दुसरं वाक्य आमच्या जागेवरून नक्कल झालेलं नव्हतं. सत्य कसं शोधायचं, याबद्दल न्यूराथ बराचसा बरोबर होता. सत्य म्हणजे काय, याबद्दल तो बरोबर होता का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे कळायला मला वेळ लागला. आणि ते वेगळे करून दाखवणारा माणूस पुन्हा वॉर्सामध्येच भेटला.

बर्फ पांढरं आहे

आल्फ्रेड टार्स्कीचा जन्म १९०१ सालचा, वॉर्सातल्या ज्यू कुटुंबात, मूळ आडनाव टाइटेलबाउम. तेविशीच्या आसपास त्यानं आडनाव बदललं आणि कॅथलिक धर्म घेतला. १९२४ साली स्तानिस्लाव लेश्निएव्स्कीच्या हाताखाली डॉक्टरेट. जगातल्या मोठ्या तर्कशास्त्रज्ञांत त्याचं नाव झालं, तरी पोलंडमध्ये त्याला प्राध्यापकाची खुर्ची कधी मिळाली नाही. ल्वूवची जागा निघाली ती लेओन ख्विस्तेकला मिळाली. टार्स्की विद्यापीठात दुय्यम पदावर शिकवायचा आणि घर चालवण्यासाठी एका माध्यमिक शाळेत गणिताचा मास्तर होता. सत्यावरचा विसाव्या शतकातला बहुधा सर्वांत प्रभावी प्रबंध या शाळामास्तरानं लिहिला. तो १९३३ साली पोलिशमध्ये पुस्तकरूपानं आला आणि नंतर जर्मनमधून जगभर गेला.

टार्स्की विचारतो, सत्याच्या कुठल्याही व्याख्येकडून किमान अपेक्षा काय? तिच्यातून अशी वाक्यं निघाली पाहिजेत: 'बर्फ पांढरं आहे' हे वाक्य खरं आहे, जर आणि तरच, बर्फ पांढरं असेल तर.

पहिल्यांदा वाचल्यावर कुणालाही हसू येईल, मलाही आलं. मग प्रोग्रामरच्या डोळ्यांनी बघितलं. डावीकडचं अवतरणचिन्हांतलं 'बर्फ पांढरं आहे' ही एक स्ट्रिंग आहे, अक्षरांची ओळ. उजवीकडे अवतरणचिन्हं नाहीत, तिथे बर्फाबद्दल बोलणं चालू आहे. एका बाजूला भाषा, दुसऱ्या बाजूला जग, आणि मधे 'खरं' हा शब्द पुलासारखा. वाक्यं एकमेकांशी जुळतात का, लोकांना पटतात का, कंपनीच्या सोयीची आहेत का, यांतलं काहीही त्या पुलावर नाही.

अडचण अशी की भाषेत वाक्यं अनंत असतात, प्रत्येकासाठी असा पूल हातानं बांधता येत नाही. टार्स्कीनं लहान तुकड्यांपासून सुरुवात केली. 'क्ष पांढरं आहे' हे वाक्य नाही, त्यात रिकामी जागा आहे. पण कुठल्या वस्तू ती जागा नीट भरतात हे सांगता येतं. मग 'आणि', 'नाही', 'प्रत्येक' यांचे नियम एकेक करून लावत मोठ्या वाक्यांपर्यंत जायचं. ज्यानं कधी छोटासा इंटरप्रिटर लिहिला असेल त्याला हे ओळखीचं वाटेल, तिथेही झाडाच्या पानांपासून वरपर्यंत असंच मूल्यमापन करत जातो.

त्यानं दुसरीही एक गोष्ट सिद्ध केली. 'हे वाक्य खोटं आहे' हे जुनं कोडं सगळ्यांना माहीत असतं. खरं धरलं तर खोटं ठरतं, खोटं धरलं तर खरं. टार्स्कीनं दाखवलं की साधं अंकगणित मांडण्याइतकी ताकद असलेली नेटकी औपचारिक भाषा स्वतःच्या वाक्यांचं सत्य स्वतःच्या आत सांगू शकत नाही. त्यासाठी बाहेरची, तिच्यापेक्षा समृद्ध भाषा लागते. माझ्या टेबलांशी या प्रमेयाचा थेट संबंध नाही, ओढूनताणून जोडत नाही. पण आपल्याच यंत्रणेच्या खरेपणाचा दाखला त्याच यंत्रणेकडून घेताना आता माझा हात थबकतो, तो टार्स्की वाचल्यामुळे.

कार्ल पॉपरनं आत्मचरित्रात याबद्दल लिहिलं आहे. १९३५ साली व्हिएन्नाच्या फोल्क्सगार्टन बागेत एका बाकावर बसून टार्स्कीनं त्याला ही कल्पना समजावली. त्याआधीच्या वैज्ञानिक पद्धतीवरच्या पुस्तकात पॉपरनं 'सत्य' हा शब्द जपूनच वापरला होता, तो संशयास्पद वाटायचा. बाकावर त्याला मिळालं ते हे: व्याख्या वेगळी आणि कसोटी वेगळी. एखादं वाक्य खरं असणं म्हणजे काय, हे स्वच्छ सांगता येतं, जरी ते खरं आहे का हे ओळखण्याची हमखास कसोटी आपल्याकडे नसली तरी. जुळणं ही कसोटी म्हणून चांगली आहे. व्याख्या म्हणून तिचा उपयोग केला की माझा शेरा तयार होतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात पॅरिसच्या परिषदेत टार्स्कीनं हे मांडलं. कार्नाप खूष झाला. न्यूराथ चिडला, त्याला यात जुन्या तत्त्वमीमांसेचं भूत परत येताना दिसत होतं. वाद मिटला नाही आणि आजही मिटलेला नाही. काही जण म्हणतात की टार्स्कीची व्याख्या फार पोकळ आहे, शब्द वस्तूंना चिकटतात कसे हे ती सांगतच नाही. फ्रँक रॅम्झीनं १९२७ मध्येच म्हटलं होतं की 'हे खरं आहे की' हे शब्द काढून टाकले तरी वाक्याच्या अर्थाला काही होत नाही. हे सगळे आक्षेप विचार करण्याजोगे आहेत. पण पॅरिसनंतर चारच वर्षांत या माणसांपुढे वेगळेच प्रश्न आले.

ऑगस्ट १९३९

२२ जून १९३६ रोजी श्लिक व्हिएन्ना विद्यापीठाच्या जिन्यावर एका माजी विद्यार्थ्याच्या गोळ्यांनी मेला. मारेकरी मनोरुग्ण होता, पण काही वृत्तपत्रांनी त्या खुनालाच वैचारिक समर्थन दिलं आणि ज्यू नसलेल्या श्लिकला ज्यूंचा तत्त्वज्ञ ठरवलं. पोलंडमध्ये १९३७ पासून विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांना वेगळ्या बाकांवर बसवायला अधिकृत मुभा मिळाली. टार्स्कीचा शिक्षक तादेउष कोतार्बिन्स्की याच्या विरोधात उघड उभा राहिला.

११ ऑगस्ट १९३९ रोजी टार्स्की जहाजानं अमेरिकेला निघाला. हार्वर्डला परिषद होती. तात्पुरता व्हिसा, उन्हाळ्याचे कपडे, बायको आणि दोन मुलं वॉर्सात. १ सप्टेंबरला जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. ३ सप्टेंबरला परिषद सुरू झाली, त्याच दिवशी ब्रिटन आणि फ्रान्सनं युद्ध पुकारलं. परतीची वाट बंद झाली. बायको-मुलं वाचली आणि १९४६ साली त्याच्यापाशी पोचली. आई-वडील आणि भाऊ वाचले नाहीत.

टार्स्कीचा जवळचा सहकारी आडोल्फ लिन्डेनबाउम १९४१ साली विल्नो परिसरात मारला गेला. त्याची पत्नी यानिना होसियासोन, स्वतः मोठी तर्कशास्त्रज्ञ, पुराव्यानं विधानाला बळ कसं मिळतं यावर काम करणारी, १९४२ साली तिथेच. टार्स्कीचा विद्यार्थी मोयझेश प्रेसबुर्गर १९४३ च्या सुमारास.

प्रेसबुर्गरबद्दल थोडं थांबून सांगतो. १९२९ साली त्यानं दाखवलं की गुणाकार बाजूला ठेवून नुसत्या बेरजेचं अंकगणित घेतलं, तर त्यातलं कुठलंही विधान खरं की खोटं हे यांत्रिक पद्धतीनं ठरवता येतं. हे काम पदव्युत्तर पदवीपुरतं धरलं गेलं. डॉक्टरेट त्याला मिळाली नाही, तो विमा कंपनीत नोकरीला लागला. १९५४ साली मार्टिन डेव्हिसनं प्रिन्स्टनच्या संगणकावर त्याची पद्धत चालवली. यंत्राचा मोठा पराक्रम म्हणजे दोन सम संख्यांची बेरीज सम येते हे त्यानं सिद्ध केलं. आज प्रोग्राम तपासणाऱ्या साधनांमध्ये प्रेसबुर्गर अंकगणित रोज चालतं. मीही ती साधनं वापरली आहेत. त्या नावाला चेहरा आहे हे मला माहीत नव्हतं.

न्यूराथ मे १९४० मध्ये हॉलंडहून निसटला, एका खचाखच भरलेल्या जीवरक्षक होडीतून, भर समुद्रात. जहाजाची उपमा देणाऱ्याच्या वाट्याला खरोखरच फळ्यांवर उभं राहणं आलं. लुकासिएविचचं वॉर्सातलं घर १९३९ च्या बॉम्बवर्षावात गेलं, सोबत हस्तलिखितं. १९४४ मध्ये त्यानं शहर सोडलं आणि १९५६ साली डब्लिनमध्ये तो वारला. पुढच्या वर्षी २१ डिसेंबरला मी वॉर्सामध्ये असेन का, या त्याच्या वाक्याला नंतरच्या सगळ्या वर्षांनी एकच उत्तर दिलं.

एक आकडा

१७ सप्टेंबर १९३९ रोजी पूर्वेकडून सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये शिरल्या. ल्वूव त्यांच्याकडे गेलं. पोलिश अधिकारी मोठ्या संख्येनं कैद झाले. त्यांत पेशानं सैनिक नसलेले डॉक्टर, शिक्षक, वकील, प्राध्यापकही होते, राखीव दलातले. ५ मार्च १९४० रोजी मॉस्कोत त्यांना ठार मारण्याचा निर्णय सह्यांनिशी झाला. सुमारे २२ हजार माणसं मारली गेली. त्यातल्या एका जागेचं नाव कातिन.

१९४१ च्या उन्हाळ्यात तो भाग जर्मनांनी घेतला आणि एप्रिल १९४३ मध्ये त्यांनी थडगी सापडल्याचं जाहीर केलं. सोव्हिएत सरकारनं सांगितलं की हे जर्मनांनीच केलं, १९४१ मध्ये. जानेवारी १९४४ मध्ये सोव्हिएत आयोगानं तसा अहवाल दिला. साक्षीदार, कागदपत्रं, निष्कर्ष, सगळं एकमेकांशी जुळणारं. पुढे पोलंडच्या पाठ्यपुस्तकांना, वृत्तपत्रांना, स्मारकांना त्याच्याशी जुळवून घ्यावं लागलं.

आता ट्वार्डोव्स्कीकडे परत या. 'कातिनमध्ये पोलिश अधिकारी मारले गेले' हे वाक्य म्हणायला कुणाचीच हरकत नव्हती. भांडण फक्त गाळलेल्या जागेवर होतं: कधी? १९४० म्हटलं की मारणारे सोव्हिएत, कारण तेव्हा तो मुलूख त्यांच्याकडे होता. १९४१ म्हटलं की जर्मन. संपूर्ण खोटं एका आकड्यात मावत होतं. ३१ जुलै १९८१ रोजी वॉर्साच्या पोवोंझ्की स्मशानभूमीत काही लोकांनी एक क्रूस उभारला. त्यावर 'कातिन' या शब्दाबरोबर '१९४०' कोरलेलं होतं. त्याच रात्री सरकारच्या माणसांनी तो उचलून नेला.

१३ एप्रिल १९९० रोजी मॉस्कोनं कबुली दिली. ते वाक्य त्या दिवशी खरं 'झालं' का? न्यूराथच्या जुळण्यावर व्याख्या टेकवली तर वॉर्साच्या शाळेत काही दशकं ते खोटं होतं असं म्हणायची वेळ येते. (न्यूराथ स्वतः हे कधीच म्हणाला नसता, त्याचं उभं आयुष्य फसव्या बोलण्याशी लढण्यात गेलं.) ट्वार्डोव्स्की आणि टार्स्कीच्या हिशेबानं ते वाक्य पहिल्यापासून खरं होतं. कुणाच्या तोंडी नव्हतं तेव्हाही, सगळी कागदपत्रं विरुद्ध होती तेव्हाही. ज्यांचे वडील तिथे गेले, त्यांना दुसरी कुठलीही व्याख्या चालली नसती.

वळिवडे

आता कोल्हापूर. शहराच्या पूर्वेला वळिवडे आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलिश निर्वासितांची वसाहत होती, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. नंतर तिथे फाळणीतून आलेले सिंधी लोक वसले, तेच आजचं गांधीनगर. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे. लहानपणी मी त्याच्याभोवती पकडापकडी खेळलो आहे.

सातवीत मी निबंधात लिहिलं होतं, 'हिटलरच्या अत्याचारांमुळे पोलंडचे लोक आपल्या कोल्हापुरात आले.' बाईंनी बरोबरची खूण केली. घरी आजीला वाचून दाखवलं. तिचं माहेर वळिवड्याजवळचं, तिचे वडील वसाहतीत भाजी घालायचे. ती म्हणाली, "हिटलर न्हवं रं बाळा. रशियानं न्हेलेलं त्यास्नी, बर्फात. मड्डम सांगायच्या की." मी तिला म्हटलं, आजी, तुला काय माहीत, पुस्तकात हिटलर आहे. ती हसली आणि शेंगा सोलायला लागली.

आजी बरोबर होती. वळिवड्याला आलेले लोक बहुतांश पूर्व पोलंडमधले, १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सरकारनं सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलेले. एप्रिल १९४० च्या हद्दपारीत तर खास करून कैदेतल्या अधिकाऱ्यांची कुटुंबं उचलली गेली. म्हणजे नवऱ्याला जिकडे मारलं त्याच महिन्यांत बायको-मुलांना आगगाडीत घातलं. १९४१ मध्ये जर्मनी सोव्हिएत संघावर उलटल्यावर त्यांची सुटका झाली, मग इराणमार्गे काही जण हिंदुस्थानात आले. माझं वाक्य मला माहीत असलेल्या बाकी सगळ्या वाक्यांशी जुळत होतं: युद्ध, हिटलर, पोलंड, निर्वासित. फक्त ते खोटं होतं. आजीचं वाक्य कशाशीच जुळत नव्हतं, पण ते एका माणसानं दुसऱ्याला पंचगंगेच्या खोऱ्यात उभं राहून सांगितलेलं होतं.

सातवीतल्या निबंधापासून त्या शेऱ्यापर्यंत मी एकच चूक करत आलो. जुळतंय म्हणून खरं मानलं आणि न जुळणारं सांगणाऱ्या माणसाला गप्प केलं. सत्याच्या कुठल्याही सिद्धांतानं ही चूक आपोआप टळत नाही. त्यानं एवढंच होतं की 'जुळतंय' आणि 'खरं आहे' हे दोन वेगळे शब्द म्हणून डोक्यात राहतात आणि न जुळणारं वाक्य आलं की तारीख, जागा विचारायची सवय लागते.

नव्या नोकरीत मी तीन किमती ठेवल्या आहेत: यशस्वी, अयशस्वी, माहीत नाही. तिसऱ्या खणातल्या नोंदी रोज सकाळी एक माणूस बघतो. मॅनेजरला ते आवडत नाही, कारण अहवाल शंभर टक्के दिसत नाही.

आजी आता नाही. मागच्या जुलैत गांधीनगरला गेलो होतो. बराकींच्या काही खुणा अजून सापडतात. दुपारी साडेतीनला, वळिवड्याच्या रस्त्यावर, पाऊस पडत होता.